चाकांवरील घरांत तिसरी शेज

संस्कृतांत ‘शी’ हा निजण्याचा धातु आहे. शयन, शय्या हे शब्द त्यापासून झाले, आणि मराठींतील ‘शेज’ ही त्या शय्येचीच लेक. शाळेंत हा धातु शिकवितांना आम्ही मुलांना सांगत असूं कीं, शय्या म्हणजे नुसती खाट किंवा गादी नव्हे. दिवस संपल्यावर ‘ही आपली जागा’ म्हणून माणूस जेथें निःशंकपणें अंग टाकतो, ती शय्या. घर ऐसपैस असलें म्हणजे या अर्थाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. जागा अपुरी पडली, कीं मात्र तो चट्कन ध्यानांत येतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना ही अपुरी जागा चांगली परिचयाची असेल. १९६५ च्या सुमारास पुण्यांतील आमच्या बिऱ्हाडीं तीन खोल्यांत अकरा माणसें नांदत होतीं. रात्रीं जेवणें आटोपून माजघरांतील पाट उचलले, कीं वळकट्या उलगडत. वडील मंडळींच्या जागा ठरलेल्या. आम्हां मुलग्यांची रांग भिंतीशीं ठरलेली. पाहुणा आला, म्हणजे आई एकवार सभोंवार नजर टाकी आणि म्हणे, “ताई, तूं आज आंत सरक.” ताई वळकटी काखेंत घेऊन कधीं स्वयंपाकघरांत, कधीं जिन्याखालीं, तर कधीं शेजारच्या काकूंकडे निजावयास जाई. तिनें कधीं तोंड वांकडें केलें नाहीं. तेव्हां तिची सोय झाली, असेंच सर्वांनीं धरलें. पुढें लग्न होऊन ती सासरीं गेली, त्या वेळीं ‘ही ताईची जागा रिकामी झाली’ असें म्हणून दाखवितां येईल अशी जागा घरांत कोठेंच नव्हती.

हें सर्व आठवण्याचें निमित्त परक्या देशांत घडलें. आमचे कनिष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत लीड्स शहरीं राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां तीन महिने त्यांच्याकडे होतों. त्यांच्यापाशीं एक जुनी कॅम्परव्हॅन आहे. ज्यांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: आपल्याकडील शाळेच्या व्हॅनहून कांहींशी मोठी अशी ही मोटार, तिच्या पोटांत लहानसा ओटा, ग्यासची चूल, शीतकपाट, पाण्याची टाकी आणि निजण्याची सोय केलेली असते. चिरंजीवांची गाडी फोक्सवॅगन कारखान्याच्या ट्रान्स्पोर्टर जातीची, सुमारें १६ फूट लांब व सव्वासहा फूट रुंद. मागील बांक दिवसां बसावयाचें. रात्रीं तें ओढून आडवें केलें, कीं त्याची दोन माणसांची शेज होते. छप्पर उचललें, कीं कापडी भिंतींचा माळा तयार होतो. तेथें फळी पसरून आणखी दोघें निजतात. म्हणजे शेजा चार, आणि माणसें पांच. नात ९ वर्षांची, मधला नातू ७ वर्षांचा आणि धाकटा ४ वर्षांचा. धाकट्याला आजवर आईबापांच्या मधें घेतलें जाई. परंतु तो आतां वाढला होता, आणि पावणेचार फुटांच्या त्या शेजेवर त्रिवर्गाचा निभाव लागेना. सुट्टींत लेक डिस्ट्रिक्ट प्रांतीं जाण्याचा बेत ठरला होता. सूनबाईंनीं स्पष्टच सांगितलें कीं, झोपेची सोय होणार नसेल तर गाडी विकून टाकावी. विश्रांतीसाठीं जावयाचें आणि थकून यावयाचें, यांत अर्थ नाहीं.

जेवणाच्या मेजावर कागद पसरून उपायांची चर्चा सुरू झाली. पहिला उपाय तिन्ही मुलांना माळ्यावर निजविण्याचा. परंतु माळ्याची फळी अमुकच वजन पेलते. शिवाय उंचावरील शेजेविषयीं तिकडे सर्वसाधारण दंडक असा आहे कीं, सहा वर्षांखालील मुलाला वर निजवूं नये. अशीं मुलें झोपेंत लोळतात, आणि अर्धवट जागीं झालीं तर शिडीचें भान त्यांना राहत नाहीं. दुसरा उपाय धाकट्याला पूर्ववत् मधें घेण्याचा. पण मग दोघांचीहि झोप मोडावयाची, आणि सकाळीं त्यांतल्याच एकानें डोंगरांतील अरुंद वळणांवर गाडी हांकावयाची. अपुऱ्या झोपेचा सारथि ही केवळ गैरसोय नव्हे, तो सर्व कुटुंबाला धोका होय. तिसरा उपाय खालीं भुईवर पथारी घालण्याचा; परंतु बांक उलगडल्यावर राहते ती हातभर वाट, आणि रात्रीं उठणाऱ्याचा पाय पडावयाचा तो नेमका तेथेंच.

राहिला चौथा उपाय. या गाडीच्या कुशीला जोडतां येईल असा तंबू मिळतो. त्यांत थोरल्या नातीला निजवावें, म्हणजे माळ्यावर मधला एकटा राहील, आणि धाकट्याला बापापाशीं ठेवून आई वर जाईल. “ती मोठी आहे, समजूतदार आहे,” असें चिरंजीव म्हणाले. नात तेथेंच बसली होती. “चालेल बाबा, मी झोपेन बाहेर,” एवढें बोलून ती उठून गेली. प्रश्न सुटला असें समजून चिरंजीवांनीं कागद गुंडाळला.

थोड्या वेळानें सौ. माडीवर जाऊन आली आणि हळूच म्हणाली, “पोर बॅटरींत नवे सेल घालून दिवा लावून पाहते आहे. तिला भीति वाटते. विचारल्याशिवाय ती सांगणार नाहीं, आणि विचारलें तरी सांगणार नाहीं.” ‘समजूतदार’ हा शब्द आपण मुलांच्या कौतुकासाठीं वापरतों, पण पुष्कळदां त्याचा व्यवहारांतील अर्थ ‘तक्रार न करणारा’ एवढाच असतो, आणि तो बहुधा घरांतील थोरल्या मुलीच्या वांट्याला येतो. आम्हीं चिरंजीवांना ताईची हकीकत सांगितली. ती त्यांनीं पूर्वीं ऐकलेली नव्हती. मग इतकेंच म्हटलें, “जागा कोठें सांपडते तें मागाहून पाहूं. कोणाला हलवावयाचें नाहीं, तें आधीं ठरवूं.”

प्रश्न असा उलटा मांडला, तेव्हां उत्तर वेगळ्या बाजूनें आलें. गाडींत रात्रीं सर्वस्वी रिकामी राहणारी जागा एकच, ती म्हणजे सारथ्याच्या बाजूची पुढील आसनें. तेथें रात्रीं पिशव्या, जोडे आणि ओले कोट फेंकून दिलेले असत. त्या आसनांच्या वर, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, दोन दांड्यांवर जाड कापड ताणून मुलाची शेज करतां येते. ही युक्ति नवी नव्हे. फोक्सवॅगनची ही पेटीवजा गाडी १९५० सालीं निघाली, आणि थोड्याच काळांत हौशी कुटुंबांसाठीं तिच्यांत बिछाने बसविण्याचा धंदा उभा राहिला. इंग्लंडांत फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर या कारखान्याच्या ‘डॉर्मोबाइल’ गाड्यांत उचलत्या छपराखालीं असेंच कापड ताणून शेजा केलेल्या असत. आपल्याकडे मात्र हें सांगण्यास कारखानदार नको; तान्ह्या मुलाची झोळी ज्यानें टांगली आहे त्याला यांतील मर्म कळतें. फळीला जागा लागते आणि वजनहि असतें. कापड दिवसां गुंडाळलें कीं दोन दांड्यांपुरतें उरतें.

आम्हीं फीत घेऊन मोजलें. दारापासून दारापर्यंत निजण्याजोगी लांबी सुमारें पांच फूट भरली. धाकट्याची उंची तीन फूट चार इंच. म्हणजे आणखी तीन-चार वर्षांची निश्चिंती झाली. चिरंजीव घरींच कापड शिवावयास निघाले होते. पण ज्या शिवणीवर मुलाचा भार पडावयाचा, ती पारखलेली असावी, म्हणून किती वजन पेलेल हें लिहून देणाऱ्या दुकानाचीच शेज घेतली. प्रवासापूर्वीं दोन रात्री घराच्या दारांतच गाडी उभी करून रंगीत तालीम झाली. परक्या मुलुखांत अंधारांत दांडे जुळवीत बसण्यापेक्षां हें फार बरें.

या तालमींत ज्या गोष्टी कळल्या त्या सांगण्याजोग्या आहेत. अधांतरीं शेजेला थंडी वरून लागते त्याहून खालून अधिक लागते. म्हणून पांघरूण वाढविण्याआधीं अंगाखालीं लोंकरीची घडी घालावी. त्या प्रांतीं जूनअखेर सूर्य रात्रीं पावणेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पांचच्या आंत उगवतो; पुढील कांचेला जाड पडदा नसेल तर मूल निजावयाचें नाहीं, आणि निजलें तर आपल्याआधीं उठावयाचें. पांच माणसांच्या श्वासानें कांचा आंतून पाझरूं लागतात. यासाठीं थंडी असली तरी छपराच्या कापडाची झडप थोडी उघडी ठेवावी. ऊब यावी म्हणून निजतांना चूल पेटती ठेवणें, किंवा बाहेरील कोळशाची शेगडी विझली असें समजून आंत घेणें, हें सर्वथा वर्ज्य. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेला माणूस त्यानें पुन्हा उठत नाहीं. त्याची सूचना देणारें लहानसें यंत्र मिळतें. तें गाडींत असलेंच पाहिजे. हातरोधक लावून किल्ली बापाच्या उशाखालीं ठेवावी, हें निराळें सांगावयास नको.

आणखी एक सूक्ष्म भेद आहे. निजण्याच्या जागा वाढल्या, म्हणून बसण्याच्या जागा वाढत नाहींत. धांवत्या गाडींत प्रत्येकाला पट्ट्याचें आसन पाहिजे. आणि इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें मूल १२ वर्षांचें किंवा १३५ सेंटीमीटर उंचीचें होईपर्यंत, यांतील जें आधीं घडेल तोंवर, त्याला मुलांचें खास आसन लागतें. गाडींत पट्टे पांच. म्हणून आम्ही उभयतां आगगाडीनें विंडरमियर स्थानकावर उतरलों आणि तळाजवळच एक खोली घेतली. या प्रांतीं रेल्वे येऊं नये म्हणून वर्डस्वर्थ कवीनें १८४४ सालीं कडाडून विरोध केला होता; ती १८४७ सालीं आलीच, आणि त्याच्या काव्याच्या ओढीनें आलेल्या आम्हां म्हाताऱ्यांना तीच उपयोगी पडली.

तंबू घेतलाच होता; पण त्यांत नातीऐवजीं पिशव्या, जोडे आणि ओले कोट गेले. म्हणजे हललें तें सामान. थोडेसे हलले ते आईबापहि: धाकटा साडेआठाला पुढें निजे, त्यामुळें रात्रीं दिवा लावून गाडींत गप्पा मारीत बसण्याची त्यांची चैन गेली. ते शाली पांघरून बाहेर खुर्च्यांवर बसत. ही अडचण त्यांनीं समजून उमजून पत्करली होती, आणि तसेंच असावें. जागेची तूट येते तेव्हां ती आधीं मोठ्यांच्या खातीं पडावी. दोघांनींहि रात्रभर सलग झोप घेतली, आणि गाडी विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाहीं. धाकटा तर पहाटे उठून हातांत चक्र धरून, “आजी, मी तुला पुण्याला नेतों,” असें सांगूं लागला.

चौथ्या दिवशीं एक गोष्ट घडली. थोरली नात बापाला म्हणाली, “बाबा, आज तुम्ही आणि मी तंबूंत झोपूं या का? मला चांदण्या बघायच्या आहेत.” पिशव्या एका बाजूला सारून तिला जागा करून दिली. ज्या तंबूंत जातांना ती बॅटरी पारखीत होती, त्याच तंबूंत ती आपण होऊन निजली. तंबू तोच, काळोख तोच. तिचें माळ्यावरील स्थान अबाधित आहे, आणि वाटेल तेव्हां तेथें परत जातां येईल, एवढें तिला ठाऊक होतें. तेवढ्यानें भीतीची मौज झाली.

आपल्याकडेहि आतां असे प्रसंग वाढतील. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण मंजूर केलें; तेव्हां चाकांवरील घरें आपल्या रस्त्यांवर नवलाईचीं राहणार नाहींत. आगगाडींत आईच्या बांकाला जोडलेली तान्ह्या मुलाची लहानशी घडीची शेज २०२२ सालीं लखनौ मेलमध्यें प्रयोग म्हणून बसविण्यांत आली होती. मुलाला निजण्यास वेगळी जागा लागते, आणि ती आईच्या अंगचोरेपणांतून काढावयाची नसते, हें कोणाच्या तरी ध्यानांत आलें, हें चांगलें झालें.

परंतु गाडी नसलेल्या घरींहि हा प्रश्न दिवाळींत, लग्नसराईंत आणि परीक्षेच्या दिवसांत येतोच. तेव्हां गृहिणींना आणि गृहस्थांना आमची एवढीच विनंति आहे: पाहुण्यांसाठीं जागा करावयाची असेल, तर आधीं कपाटावरील ट्रंका, खाटेखालील डबे आणि आपल्या स्वतःच्या संवयी हलवून पाहाव्या. त्यानेंहि न भागलें आणि एखाद्या मुलाला हलविणें भागच पडलें, तर तें आळीपाळीनें असावें, त्याला विचारून असावें, आणि किती दिवसांसाठीं हें आधीं सांगून असावें. दिवस भरले, कीं पाहुणा राहिला असला तरी शब्द पाळून त्याची उशी जागच्या जागीं आणून ठेवावी.