वारुळावरची अळंबी

अळंबी कुठली खायची, ते दादीच ठरवत. त्यांच्या इंतकालानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही फसलो. गवतातली अळंबी खाऊन चौघं रात्रभर ओकत होतो. अल्लाहने वाचवलं. चाचा म्हणाले, ‘‘हदीसमध्ये हिला मन्न म्हटलंय ना?’’ ती कमअह, वाळवंटात मातीखाली होणारी, ही नव्हे!

उरलेली एक छत्री कागदावर उपडी ठेवली होती. सकाळी हिरवट भुकटी पडलेली. वाळवी वारुळात पिकवते त्या अळंबीची गुलाबीसर पडते. रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये त्या गटाला ‘टर्मिटोमायसिस’ नाव दिलं. नवी जात ठरवताना आता डीएनएही तपासतात. नुसत्या रंगावर चूल पेटवू नये. दादींना वारुळावरच्या अळंब्यांची पाच नावं ठाऊक होती. आम्हाला दोनच आठवतात.