मक्केचा अबाया, नगरचे ऊन

उमराहून येताना आम्ही मक्केतून काळे अबाये आणले. तिथे हॉटेलपासून हरमपर्यंत ते हलके वाटले. नगरच्या एप्रिलात, भाजीची पिशवी घेऊन चालताना मात्र जीव कासावीस झाला. अम्मींनी तर बाजाराला येणेच सोडले.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेल्या या शहराला दूरचे आपलेसे करणे नवे नाही. इथियोपियात जन्मलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. आम्हीही कापड बाजारातून फिकट राखाडी सुती कापड घेतले आणि शिंप्याकडून त्याच मापाचे अबाये शिवून घेतले. बाह्या तेवढ्या अरुंद ठेवल्या, गॅसपाशी लोंबू नयेत म्हणून.

अम्मी पुन्हा बाजाराला येऊ लागल्या. मक्केचे अबाये आता ईदला निघतात. परदेशातली शिलाई जरूर उचलावी. कापड मात्र आपले ऊन पाहून घ्यावे.