दुकानाचा ई-मेल पत्ता: काही टिपणे

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या दुकानाचं बिलबुक पाहावं. वर देवाचं नाव, मग फर्मचं नाव, जीएसटी नंबर, दोन मोबाइल आणि एक जीमेल. बहुतेक वेळा तोच जीमेल दुकानाच्या पाटीवर आणि व्हिजिटिंग कार्डावर असतो, आणि बँकेत व जीएसटी पोर्टलवरही तोच दिलेला असतो. गावभर वाटलेला पत्ता आणि पैशाच्या व्यवहाराचा पत्ता एकच. दुखण्याचं मूळ इथे आहे.

*

म्हणून पत्ते दोन हवेत. गिऱ्हाइकाला दुकानाचं पुढचं दार उघडं असतं, तिजोरीची खोली नसते, तसंच हे. पहिला पत्ता बिलबुकावर खुशाल छापा. दुसरा फक्त बँक, जीएसटी आणि आयकर यांच्यासाठी, तो इतर कुठल्याही फॉर्मवर लिहायचा नाही. मग ‘बँकेचा’ मेल पहिल्या पत्त्यावर आला की वाचण्याआधीच कळतं: खोटा.

*

नोंदणीच्या वेळी अनेकांचा जीमेल टॅक्सवाल्यानं किंवा ऑनलाइन सेंटरवाल्यानं काढून दिलेला असतो, पासवर्डही त्याच्याचकडे. माणूस कितीही भरवशाचा असो, पासवर्ड आपल्याकडे घ्यावा, बदलावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन आपल्या मोबाइलवर चालू करावं.

*

पत्ता फुटतो कुठून? संकेतस्थळावर उघडा लिहिला, तर असे पत्ते वेचणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. तिथे पत्त्याऐवजी चौकशीचा फॉर्म ठेवावा. प्रदर्शनातल्या ‘लकी ड्रॉ’च्या चिठ्ठीवरूनही फुटतो. आणि आपल्याच माणसांकडून फुटतो: बाजारभावाचा मेल शे-दोनशे जणांना पाठवताना सगळे पत्ते ‘टू’मध्ये टाकले, की प्रत्येकाच्या हाती आख्खी यादी पडते. अशा वेळी पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाकावेत.

*

नकोशा मेलची पीडा जुनी आहे. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या विक्रेत्यानं संगणकाची जाहिरात इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. तो पहिला स्पॅम मानतात. लोक तेव्हाही चिडले होते. पण पाठवणाऱ्याला खर्च जवळपास शून्य असल्यानं हा धंदा थांबला नाही.

*

जाहिरातीचा मेल वेळ खातो, हुबेहूब मेल पैसा खातो. डाळ मिलवाल्याला नेहमीच्या पार्टीच्या नावानं मेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पेमेंट नव्या खात्यात करा.’ मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, त्यामुळे नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडावा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ जोडून लिहिलेले असतात; घाईत नजर फसते. खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारावं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

*

रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं. लिंकमधल्या संकेतस्थळाच्या नावाचा शेवट नीट पाहायची सवय लावावी. जीएसटीची नोटीस खरी की खोटी ही शंका आली, तर मेलमधली लिंक दाबू नये. स्वतः पोर्टलवर लॉगिन करून पाहावं.

*

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनासाठी पंजाबातून, परदेशातून भाविक येतात. लॉजवाल्याला येणारी चौकशी अनोळखी पत्त्यावरून असते, ती कधी स्पॅममध्ये जाऊन पडते. जीमेल तिथलं सगळं 30 दिवसांनी पुसून टाकतं. आठवड्यातून एकदा तो फोल्डर चाळावा आणि खऱ्या मेलवर ‘नॉट स्पॅम’ दाबावं.

*

ओळखीच्या कंपनीचा मेल नको असेल, तर ‘अनसबस्क्राइब’ ठीक. अनोळखी मेलमध्ये ते दाबलं, की हा पत्ता चालू आहे हे समोरच्याला कळतं. तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’ करावं.

*

स्वतःचं डोमेन असेल, तर संकेतस्थळ करून देणाऱ्याला तीन शब्द विचारा: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. आपल्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणाला, मेल वाटेत बदलला का, आणि खोटा निघाला तर काय करायचं, हे त्यांतून ठरतं. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून हे तिन्ही सक्तीचं केलं आहे.

*

दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे 2018 चे नियम नकोशा कॉल आणि एसएमएसपुरते आहेत. ई-मेल त्यांत येत नाही. स्पॅम मेलविरुद्ध आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तो होईपर्यंत राखण आपली आपणच करायची.

*

पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करा, बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर पोचेल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजच गल्ल्याजवळ लिहून लावा, आणि मुनीमजींना व दुकानातल्या पोरांनाही सांगून ठेवा.