आम्हाला पहिलीचा वर्ग हवा

आम्ही उर्दू माध्यमाचे मास्तर. सोलापुरातल्या एका विनाअनुदानित हायस्कुलात आठवी ते दहावीला उर्दू आणि इतिहास शिकवतो. बी.एड. आहोत, वय छत्तीस, नोकरी अकरा वर्षांची आणि मानधन चारचौघांत सांगण्यासारखे नाही. अशा माणसाने ज्युनियर कॉलेजची स्वप्ने पाहावीत अशी रीत आहे. आम्हाला मात्र पहिलीचा वर्ग हवा आहे.

हे ऐकून स्टाफरूममधले दोस्त हसतात. "पुरुषासारखा पुरुष, आणि पोरांचे शेंबूड पुसत बसणार?" असे एकाने विचारले. आमच्या मामूंनी तर तोंडावरच सुनावले, "सब लोगां जीना चढतें, तू उतरताय!"

लोकांना वाटते, आम्हाला लहान मुलांचा लळा आहे म्हणून हे खूळ. लळा आहेच. पण लळा मोहल्ल्यातल्या प्रत्येक चाचाला असतो, तेवढ्याने कोणी मास्तर होत नाही. आमचे कारण वेगळे आहे आणि ते आम्हाला नववीच्या वर्गात सापडले.

दरवर्षी जूनमध्ये नवी तुकडी आली, की आम्ही प्रत्येकाकडून पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचून घेतो. दरवर्षी काही मुले अशी निघतात, की त्यांना वाचता येत नाही. ती मठ्ठ नसतात. त्यांतला एक सुटीत गॅरेजवर जायचा, मोटारसायकलचे इंजिन सुटे करून पुन्हा जोडायचा. वर्गात तो ओळीवर बोट फिरवत धडा खडाखडा म्हणायचा. एकदा आम्ही पान उलटून मधलीच ओळ दाखवली, तेव्हा तो गप्प झाला. धडा त्याने भावाकडून ऐकून पाठ केला होता. आठ वर्षे त्याने आपले न वाचता येणे असे झाकून ठेवले होते. केवढी ही मेहनत! तिच्यातली निम्मी वाचायला शिकण्यात गेली असती तर? वर्षभर शाळा सुटल्यावर आम्ही त्याला घेऊन बसलो. अक्षरे जुळू लागली, पण पुस्तक समोर आले की येणारा घाम काही गेला नाही. दहावीनंतर त्याने शाळेचे नाव काढले नाही.

असे का होते, याचा शोध घेत आम्ही खाली खाली उतरत गेलो, तो थेट पहिलीत पोचलो.

उर्दू लिपी मुलाला सोपी नाही. 'बे' शब्दाच्या सुरुवातीला एका रूपात येतो, मधे दुसऱ्या, शेवटी तिसऱ्या. 'अलिफ', 'दाल', 'रे', 'वाव' यांच्यासारखे काही पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, बाकीचे देतात. 'से', 'सीन', 'साद' तिघांचा उच्चार आपल्या तोंडी एकच. जेर-जबर छापलेले नसतात, ते ओळखायचे. ओळ उजवीकडून डावीकडे, पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे. सोबत इंग्रजी आहे. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते चांगलेच झाले. पण हिशोब करा, सहा वर्षांचे मूल एका दप्तरात तीन लिप्या आणि दोन दिशा घेऊन येते. हे ओझे उचलायला शिकवणारा माणूस शाळेतला सर्वांत जाणता नको का?

आपली बरीच मुले शाळेआधी मकतबात कायदा शिकलेली असतात. अक्षर ओळखतात, जोडतात, उच्चारही साफ असतो. मात्र तिथले वाचन अरबीचे, अर्थ कळण्यासाठी नसते. शाळेने याच ओळखीच्या अक्षरांतून आंबा, पाणी, अम्मी उभी केली, तर मूल झपाट्याने पुढे जाते. जाणता मास्तर तिथून सुरुवात करतो, अजाण मास्तर पाटी कोरी समजून.

आणि घरची बोली? आपल्याकडची मुले दखनी बोलतात. पहिल्या दिवशी मूल म्हणते, "मेरेकू नक्को." पुस्तकात असते, "मुझे नहीं चाहिए." मास्तरने डोळे वटारून "ऐसा नहीं बोलते" म्हटले, की मुलाला एवढेच कळते, की आपली अम्मी चुकीचे बोलते. मग ते बोलणेच सोडते, आणि हे मौन नववीपर्यंत त्याच्यासोबत येते. खरे तर तो 'नक्को' दखनीने मराठीकडूनच घेतलेला आहे. आम्ही फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहू : नक्को, नहीं चाहिए, नको. अर्थ एक, घरे तीन. मुलाला एका घरातून दुसऱ्यात जायचे आहे, पहिले घर पाडायचे नाही. एवढे पहिलीत झाले, तर पुढच्या मास्तरांचे अर्धे काम झाले.

लहान मुलांना शिकवणे हे कमी शिकलेल्यांचे काम, असे मानणाऱ्यांनी डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे पाहावे. बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस जामियात तुटपुंज्या पगारावर राबला आणि त्याने मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी'सारखी गोष्ट लिहिली. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तेव्हा बुनियादी तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. १९६७ साली ते राष्ट्रपती झाले. मुलांसाठी लिहिताना आपण जिना उतरतो आहोत, असे त्यांना वाटले नसावे.

आता अडचण सांगतो. २०१८ च्या जूनमध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची दारे उघडली. सहा महिन्यांचा जोड-अभ्यासक्रम केला की पुरे, अशी अट होती. आम्ही खूश झालो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले. लहान मुलांना शिकवण्याची वेगळी विद्या आहे, ती डी.एल.एड.मध्ये, म्हणजे जुन्या डी.एड.मध्ये, मिळते, बी.एड. तिच्या जागी चालणार नाही, असा निकाल आला. आमच्यासारखे अनेक जण हळहळले. आम्हीही दोन दिवस नीट जेवलो नाही. पण तिसऱ्या दिवशी वाटले, की न्यायालय आमचेच म्हणणे मांडते आहे. बी.एड.मध्ये आम्हाला पाठ कसा घ्यावा हे शिकवले. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल कशी बसते, ते कोणी शिकवले नव्हते.

तेव्हा आम्ही डी.एल.एड. करायचे ठरवले आहे. दोन वर्षे पूर्णवेळ, मानधन बंद. मग टीईटीचा पहिला पेपर, मग भरतीची वाट. आमची बायको घरी शिवणकाम करते. ती वही घेऊन बसली, बराच वेळ आकडेमोड केली आणि म्हणाली, "मशीन रात्री दोन तास जास्त चालेल. पण दोनच वर्षे हं!" अम्मीने चाळीस वर्षे विड्या वळल्या. मामूंचे जिन्याचे बोलणे ती मान खाली घालून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "पत्ता बराबर भिगाया नै तो लपेटते वखत फटताच. बाद में धागा कित्ता बी बांदो."

आम्ही अकरा वर्षे धागा बांधत आलो. आता पान भिजवायचे आहे.

आपल्या संस्थाचालकांना एक विनंती आहे. दहावीचा निकाल फलकावर लागतो म्हणून उत्तम शिक्षक दहावीला दिला जातो, आणि सर्वांत कमी पगाराचा, कालच लागलेला उमेदवार पहिलीला. हे उलटे करून पाहा. पालकांनीही शाळा निवडताना दहावीचा निकाल जरूर विचारावा, पण पहिलीला कोण शिकवते हेही विचारावे.

सर्व सुरळीत झाले, तर चाळिशीच्या उंबरठ्यावर आम्ही पहिलीचे नवे मास्तर होऊ. जागा मिळेल की नाही, अल्लाह जाणे. तोवर नववी आहेच. शाळा सुटली, की मागच्या चार बाकांवर मिसरूड फुटलेली सहा-सात पोरे थांबतात, दार लोटून घेतात आणि 'अलिफ'पासून सुरुवात करतात.