दीड आटा

आमच्या गल्लीत त्यांना सगळे लाइनमनकाकाच म्हणायचे. सिडकोत, एन-6 ला, आमच्यापासून चार घरं सोडून ते राहत. पैठणच्या जायकवाडीतून उपसलेलं पाणी पन्नासेक किलोमीटर चालून शहराच्या टाक्यांत चढतं. तिथून पुढे ते कोणत्या गल्लीला किती मिळणार हे काकांच्या हातातल्या टी आकाराच्या लोखंडी चावीवर ठरायचं. पहाटे चारला ते सायकल काढायचे. मी सातवी-आठवीत होतो. सुट्टी लागली की बॅटरी धरायला त्यांच्यामागे कॅरिअरवर बसून जायचो.

चेंबरचं झाकण सरकवलं की काका गुडघ्यांवर बसत, चावी व्हॉल्व्हवर बसवत आणि पुटपुटत आटे मोजत. शर्टाच्या खिशात दुमडलेली शंभरपानी वही असे. तिच्यात त्यांनी हाताने रेघा मारून तीन रकाने केले होते: व्हॉल्व्हची जागा, आटे, आणि तिसऱ्यावर नुसतं 'का' लिहिलेलं.

एकदा एक व्हॉल्व्ह बंद करताना नऊ आटे भरले. वहीत सात होते.

"कुणाचा तरी हात लागलाय," काका म्हणाले.

"मग सात करून टाका ना," मी म्हणालो.

"अरे लेका, त्यानं काय उगीच फिरवलाय का? आधी विचारू."

दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्यांनी विचारलं. गल्लीच्या शेवटच्या घरी तेराव्याचं जेवण होतं, घरात पाहुणे होते, म्हणून त्याने दोन आटे वाढवले होते. काकांनी सात खोडून नऊ लिहिलं, समोर 'तेरावं, शनिवारपर्यंत' असं टिपलं, आणि रविवारी व्हॉल्व्ह परत सातावर आणला. मला मात्र तेव्हा ती वही म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा उगाचचा सोपस्कार वाटला होता.

आज मीही एका परीने लाइनमनच आहे. वाळूजचा एक कारखाना, शहरातलं एक मुलींचं वसतिगृह आणि एक अभ्यासिका, अशा तीन ठिकाणचं नेटवर्क मी सांभाळतो. पाण्याच्या जागी पत्ते वाहतात एवढंच. माणूस संकेतस्थळाचं नाव टाइप करतो, यंत्राला आकड्यांतला पत्ता लागतो, आणि नावावरून पत्ता सांगायचं काम डीएनएस सर्व्हर करतो. ही व्यवस्था 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांची यादी अमेरिकेत एका संस्थेत, एलिझाबेथ फाइन्लर यांच्या गटाकडे, एकाच फाइलीत असायची. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं आणि त्यांनी ते नोंदवायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकांचा शर्टाचा खिसा आठवला.

तिन्ही ठिकाणी टेक्निटियम हा डीएनएस सर्व्हर बसवलेला आहे. तो आपल्याच देशातल्या श्रेयस झरे यांनी लिहिला आहे. त्याचा सगळा सोर्स कोड खुला आहे, वापरायला पैसे पडत नाहीत. वसतिगृहाचं वर्षाचं बजेट पाहिलं तर विकतचं असं काही तिथे कधीच बसवता आलं नसतं. झरे यांना मी भेटलेलो नाही, कधी पत्र लिहिलं नाही. पण शे-सव्वाशे मुली रोज रात्री ज्या जाळ्यावर अभ्यास करतात ते त्यांच्या कष्टावर उभं आहे, आणि हे ऋण माझ्या डोक्यावर आहे याची मला रोज जाणीव असते.

या सर्व्हरला जोडीला छोटी ॲप्स बसवता येतात. 'ॲडव्हान्स्ड ब्लॉकिंग' हे त्यातलं एक. कोणत्या खोलीतल्या यंत्रांना कोणती संकेतस्थळं बंद ठेवायची, कोणाला सूट द्यायची, असे गट त्यात करता येतात. या ॲपची मांडणी जेसन नावाच्या साच्यातल्या एका मजकुरात असते. ती ब्राउझरमधून हाताने बदलता येते, आणि दुसऱ्या प्रोग्रामकडून मागवता किंवा पाठवताही येते.

तिन्ही ठिकाणी हाताने बदल करत बसण्यापेक्षा मी अँसिबल वापरायला लागलो. मायकल डीहान यांनी 2012 मध्ये ते बनवलं. नाव मूळचं उर्सुला ल ग्विन यांच्या 1966 च्या कादंबरीतल्या, ताऱ्यांच्या अंतरावरूनही तत्काळ बोलता येणाऱ्या यंत्राचं. काय काय व्हायला हवं ते एका फाइलीत क्रमाने लिहायचं, तिला प्लेबुक म्हणतात, आणि ते सगळ्या यंत्रांवर एका हुकमात पार पडतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं. एका संध्याकाळी मी तिन्ही सर्व्हरांसाठी ब्लॉकिंगची एकच नेटकी मांडणी तयार केली आणि पाठवून दिली. पडद्यावर तिन्ही ओळी पिवळ्या झाल्या, म्हणजे तिन्ही ठिकाणी बदल झाला. मी समाधानाने जेवायला बसलो.

रात्री साडेदहाला वसतिगृहाच्या रेक्टरताईंचा फोन आला. "सर, आपल्या बावीस नंबरच्या मुलीचं व्हिडिओचं पान उघडेना झालंय. उद्या तिचा पेपर आहे."

त्या मुलीला ऐकू येत नाही. सांकेतिक भाषेतल्या व्हिडिओंवरून ती शिकते. वसतिगृहात व्हिडिओची ती संकेतस्थळं सगळ्यांना बंद होती, आणि ताईंनी माझ्याआधी काम पाहणाऱ्या मुलाला सांगून तिच्या एकटीच्या यंत्राला सूट ठेवून घेतली होती. मांडणी पाठवली की जुनी अख्खी पुसली जाते आणि नवी बसते, त्यामुळे ती सूटही गेली. जुन्या मांडणीची प्रत मी घेतलेली नव्हती. नुसती वाचूनसुद्धा पाहिली नव्हती. स्कूटर काढून मी वसतिगृहावर गेलो. तिच्या यंत्राचा पत्ता काढून सूट परत बसवेपर्यंत पावणेबारा वाजले. त्या काळात तिच्या अभ्यासाचा सव्वा तास गेला. तिने हात जोडून आभार मानले आणि मला मान वर करवेना.

परतताना क्रांती चौकातल्या सिग्नलला थांबलो आणि काकांचं वाक्य कानात वाजलं. त्यानं काय उगीच फिरवलाय का?

त्यानंतर मी एक वेगळं प्लेबुक लिहिलं. ते कशालाही हात लावत नाही, नुसतं वाचतं. टेक्निटियमसाठीची अँसिबलची मोड्यूल्स कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. ॲपची मांडणी मागवून आणणारं मोड्यूलही त्यात आहे. हे दुसरं ऋण, आणि तो माणूस कोणत्या देशात बसून लिहितो हेही मला ठाऊक नाही. सर्व्हरवर मी एक स्वतंत्र खातं काढलं आणि त्याला ॲप्स पाहण्याचा हक्क दिला, बदलण्याचा नाही. त्या खात्याचं टोकन अँसिबलच्या व्हॉल्टमध्ये कुलूपबंद ठेवलं. रात्री दोन वाजता प्लेबुक तिन्ही ठिकाणी जातं, ॲपचं नाव सांगतं आणि मांडणी घेऊन येतं. सर्व्हर ती सरळ मजकुराच्या रूपात देतो, म्हणून आधी उलगडून घ्यावी लागते. मग नोंदी ठरावीक क्रमाने लावायच्या, नाहीतर नुसती जागा बदललेली ओळही फरक म्हणून पुढे येते. शेवटी कालच्या प्रतीशी ताडून पाहायचं. पडद्यावरच्या ओळी आता हिरव्या येतात, कारण काहीच बदललेलं नसतं.

आणि फरक निघाला तर मी तो दुरुस्त करत नाही, सकाळी फोन करतो. या कामात चांगल्या चांगल्या लोकांचं मत उलट आहे, हे मला माहीत आहे. लिहिलेली मांडणी हीच खरी, तिच्याहून वेगळं जे दिसेल ते पुसून टाका, असं ते सांगतात. शेकडो यंत्रांच्या डेटा सेंटरमध्ये ते बरोबर असेल. माझ्या तीन ठिकाणी माणसं राहतात.

एक अडचण मात्र उरली होती. जेसनमध्ये कारण लिहायला जागाच नाही. त्याच्या नियमांत शेरा बसत नाही. सूट आहे हे दिसतं, ती कुणासाठी आणि कशासाठी ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक मांडणीशेजारी मी दुसरी एक साधी फाइल ठेवली आणि तिला नाव दिलं 'का'.

गेल्या दिवाळीत हे सगळं सांगायला काकांकडे गेलो. आता ते जाधववाडीला मुलाकडे असतात, गुडघे गेलेत, दिसतं मात्र चांगलं. मी लॅपटॉपवर रात्रीचा फरक दाखवला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण 'का' या फाइलीत मी मराठीत लिहितो. ती त्यांनी बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. बावीस नंबरपाशी थांबले.

"पास झाली का ती?"

"झाली, काका."

त्यांनी सुनेला हाक मारून ट्रंकेतल्या वह्या मागवल्या. सात-आठ निघाल्या, कडा ओल लागून फुगलेल्या. ते पानं उलटत होते आणि मी शेजारी बसून जुन्या जागा ओळखत होतो: शाळेचा कोपरा, पिठाच्या गिरणीची गल्ली. मग आमची गल्ली आली. टाकीपासून सगळ्यात लांबची, उताराच्या उलट बाजूची. शेजारच्या गल्ल्यांना सहा-सहा होते, आमच्यापुढे साडेसात. पुढचं पान, तिथेही साडेसात. त्यापुढची वही, साडेसात.

आमची आजी पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती, वरच्या मजल्यावर. आई सांगायची, आपलं नशीब चांगलं, आपल्याकडे पाणी वरपर्यंत चढतं.

तिसऱ्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, 'म्हातारी वर आहे'.