कोर्टाची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही आमच्या घरात नुसती म्हण नव्हती, घरचा अनुभव होता. आजोबांचा शेताच्या बांधाचा दावा एकोणीस वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा आजोबाही नव्हते आणि समोरचे गृहस्थही. आमच्या नानांनी त्यातून एकच धडा घेतला आणि मला दिला : ‘सोडून द्यायला शीक.’ तो बरोबर घेऊनच मी एम.एस.ला अमेरिकेत गेलो आणि पुढे नोकरीनिमित्त जपानात आलो. उरायासुत आम्हाला बारा वर्षं होतील. एवढ्या काळात हा धडा अपुरा पडला तो एकदाच. तीच हकिगत सांगतो, कारण आपल्या मंडळातली बहुतेक मुलं शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या मैदानावर असतात.

२०२२ चा ऑक्टोबर. चिरंजीव तेव्हा पाचवीत. शाळेचा नव्हे, बाहेरचा एक फुटबॉल क्लब होता. इथे मैदानावर हलवता येणारे अॅल्युमिनियमचे गोल असतात. गोलाचं वजन पुढच्या आडव्या दांडीकडे जास्त, म्हणून मागच्या बाजूला वाळूच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. त्या दिवशी मध्यंतरानंतर गोल हलवला आणि पिशव्या जुन्या जागीच राहिल्या. एक मुलगा गंमत म्हणून दांडीला लोंबकळला. गोल पुढे कलंडला. आमचा मुलगा खाली वाकून चेंडू उचलत होता; दांडी त्याच्या घोट्यावर आली. इंजिनियर म्हणून सांगतो, यात दैवाचा भाग फार थोडा होता. पिशव्या असत्या तर गोल जागचा हलला नसता.

हाड मोडलं होतं. मुलांच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड वाढतं. मोड नेमकी तिथपर्यंत गेलेली. डॉक्टर म्हणाले, “हाड नीट बसलंय. पण पाय आखूड राहतो का, वाकडा वाढतो का, हे काही वर्षं पाहावं लागेल.”

तिसऱ्या दिवशी क्लबचे प्रमुख आणि प्रशिक्षक मिठाईचा खोका घेऊन दारात. इतके खाली वाकले की आम्हीच ओशाळलो. सौ.ने चहा ठेवला. मी म्हटलं, “दाइजोबु, दाइजोबु! मुलांच्या खेळात लागायचंच.” दोन आठवड्यांनी एक कागद आला. जिदानशो, म्हणजे आपसातल्या तडजोडीचा करारनामा. एक रक्कम होती, आणि शेवटी एक ओळ : यापुढे दोन्ही बाजूंचं एकमेकांकडे काहीही येणं राहणार नाही. मी शिक्का, आपला हांको, हातात घेतला होता. तेवढ्यात ऑफिसातल्या एका ज्येष्ठ जपानी सहकाऱ्याचा सहज फोन आला. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “माफी जरूर घ्या. शिक्का मात्र आज मारू नका.”

मग शहराच्या मोफत कायदा सल्ल्याची वेळ घेतली. वकीलबाईंनी आधी माझ्या मनातली भीती काढली. भरपाई मागणं हा दिवाणी मामला आहे, त्याचा तुमच्या व्हिसाशी काही संबंध नाही. मग विचारलं, “मागणार कोणाकडे?”

लोंबकळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांकडे? त्यावर त्यांनी २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. ११ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या मैदानात फ्रीकिकचा सराव करत होता. चेंडू रस्त्यावर गेला, तो चुकवताना ८५ वर्षांचे एक मोटारसायकलस्वार पडले आणि पुढे वारले. खालच्या न्यायालयांनी पालकांना जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. मैदानात नेहमीसारखं खेळणाऱ्या मुलाच्या प्रत्येक अनपेक्षित परिणामाला आईबाप बांधील नाहीत. आमचा प्रसंग अगदी तोच नव्हता, पण आम्ही तो विचार तिथेच सोडला.

क्लबकडे मात्र मागता येत होतं. २०१७ च्या जानेवारीत फुकुओका प्रांतात ओकावा इथल्या प्राथमिक शाळेत हँडबॉलचा गोल असाच पडून एक मुलगा दगावला. गोल नीट बांधलेला नव्हता. २०२२ च्या जूनमध्ये न्यायालयाने शहराला सुमारे ३ कोटी ६० लाख येन द्यायला सांगितले. म्हणजे ‘मूलच लोंबकळलं’ एवढं म्हणून मोठ्यांची सुटका होत नाही. आम्ही प्रवेशाच्या वेळी ‘इजा झाल्यास क्लब जबाबदार नाही’ असल्या कागदावर सही केली होती, त्याचं काय? २००१ पासून लागू असलेल्या ग्राहक करार कायद्याने जबाबदारी पूर्णपणे झटकणारं असं कलम रद्दच ठरतं.

वाटा चार होत्या. पहिली विम्याची. मुलांच्या क्लबांचा खेळ-सुरक्षा विमा असतो. आम्ही त्या वर्षी ८०० येन भरले होते. दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला १,५०० येन मिळाले, आणि त्यासाठी कोणाची चूक हे सिद्ध करावं लागलं नाही. दुसरी बोलण्याची, जिदानची. तिसरी कनिष्ठ न्यायालयातल्या सामोपचाराची. उरायासुकरांसाठी ते इचिकावाला आहे. तिथे वकील लागतोच असं नाही, आणि ६० लाख नव्हे, ६ लाख येनपर्यंतच्या पैशाच्या दाव्याला एका दिवसात निकाल देण्याची सोयही आहे. चौथी रीतसर खटल्याची. शरीराला इजा झाली असेल तर नुकसान आणि जबाबदार कोण हे कळल्यापासून ५ वर्षांची मुदत. २०२० पूर्वी ती ३ वर्षं होती.

“घाई तुम्हाला नाही, कागदाला आहे,” वकीलबाई म्हणाल्या. जिदान झाल्यावरही कल्पनेपलीकडचं दुखणं उपटलं तर मागता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. पण आमच्या डॉक्टरांनी तर धोका आधीच सांगून ठेवला होता. तो ‘कल्पनेपलीकडचा’ कसा म्हणणार?

आम्ही क्लबला तीन गोष्टी लिहून कळवल्या. काय घडलं ते लेखी द्या. पायाच्या वाढीत पुढे दोष निघाला तर पुन्हा बोलू, अशी ओळ करारात घाला. आणि खेळ सुरू होण्याआधी, तसंच गोल हलवल्यावर, दोन मोठी माणसं पिशव्या तपासतील असा नियम करा. रकमेबद्दल अक्षर लिहिलं नाही.

त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले. पालकांच्या लाइन गटात आमच्या निरोपांना उत्तरं येईनात. सौ. म्हणाली, “अहो, त्याला त्याच मैदानावर परत जायचंय. आपण परक्या मुलखात आहोत.” नानांचा फोनवर एकच सूर : “मी काय सांगत होतो?” मलाही दोनदा वाटलं, मारावा शिक्का आणि मोकळं व्हावं. पण मग रात्री प्लॅस्टरमधला तो पाय उशीवर ठेवलेला दिसायचा.

अकराव्या दिवशी क्लबचं उत्तर आलं. तिन्ही गोष्टी मान्य. त्या दुसऱ्या मुलाची आई घरी आली आणि रडली. तिला रोज वाटत होतं की आमची नोटीस येणार. हे आम्ही आधीच तिला जाऊन सांगायला हवं होतं. ती चूक आमची.

शाळेत अपघात झाला तर वाट थोडी वेगळी. शाळेच्या वेळात, शाळेच्या क्रीडामंडळात किंवा जाता-येता लागलं आणि उपचाराचा एकूण खर्च ५,००० येन किंवा जास्त असेल, तर जपान स्पोर्ट कौन्सिलच्या योजनेतून खर्चाच्या चार दशांश रक्कम मिळते. अर्ज शाळेमार्फत, २ वर्षांच्या आत. सरकारी शाळेत शिक्षकाची चूक असली तरी दावा शिक्षकावर नव्हे, शहरावर होतो. आणि वकील परवडत नसेल तर होउतेरासु ही सरकारी कायदा-मदत संस्था आहे. तिथे इंग्रजीतून विचारता येतं.

काहीही असो, त्याच दिवशी फोटो काढा आणि डॉक्टरांचा कागद जपून ठेवा.

चिरंजीव आता माझ्या खांद्याला लागलाय. दर वर्षी एक्स-रे होतो. आजवर दोन्ही पाय सारखे आहेत. शनिवारी सकाळी त्या दुसऱ्या मुलाचे वडील आणि मी पिशव्या तपासतो. मागे नाना इथे आले होते, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहून बघत होते. म्हणाले, “म्हणजे तू कोर्टाची पायरी चढलाच नाहीस तर!”

“नाही नाना. पण ती कुठे आहे ते विचारून ठेवलं होतं.”

ते काही बोलले नाहीत. खाली वाकून त्यांनी एक पिशवी हलवून पाहिली.