खडपावरचा शेजार

उधाणाच्या ओहोटीला मालवणकडची खडपे पार उघडी पडतात. त्यांच्यावर हिरवीगार पसरलेली असते ती उल्वा नावाची समुद्री शेवाळ. हिचे पान म्हणजे पेशींचे अवघे दोन थर. बोटावर पसरले तर त्याखालच्या रेषा दिसतात. अंग एवढे नाजूक, पण जागा बळकावण्यात हिचा हात धरणारे कोणी नाही. दगड मोकळा झाला की ही आधी रुजते आणि मग दुसऱ्याला पाय ठेवू देत नाही.

पहिला आलेला मागच्यांसाठी जमीन तयार करतो, असे अभ्यासक बरीच वर्षे मानत. संशोधक वेन सूसा यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या किनाऱ्यावरच्या धोंड्यांवर हे तपासले आणि १९७९ साली निष्कर्ष छापले. उल्वा खरवडून काढली तिथे तांबडी शेवाळे भराभर रुजली. उल्वा तशीच राहू दिली तिथे तांबडी खोळंबून राहिली. सुटका करतो एक खेकडा. त्याला उल्वाच रुचते. ती तो कुरतडतो आणि चिवट तांबडीचे फावते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, हे आपले गणित. इथे लाभ दुसऱ्याचाच, तिसऱ्याचे नुसते पोट भरते.

सगळेच वैर असते असे मात्र नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडे सरगॅसम या शेवाळाचे तपकिरी झुबके वाढतात. भरतीत हवेच्या बारक्या फुग्यांवर ते उभे राहतात आणि खालच्यांचे ऊन खातात. ओहोटीला तेच ओलेकच्च होऊन कातळावर आडवे पडतात, तेव्हा त्यांच्या आडोशाला बारकी शेवाळे दुपार काढतात. यात माया किती आणि अडवणूक किती, मला ठरवता येत नाही.

या शेजारात मला सर्वांत आवडते ती गुलाबी खपली, हीही एक शेवाळच. चुन्याचे अंग, दगडाला घट्ट चिकटलेले, वाढ अतिशय मंद. अंगावर कोणी ठाण मांडले की हिचा उजेड बंद. मग ही वरची कातडीच टाकून देते. तिच्यावर रुजलेली सगळी पोरे कातडीसकट लाटेबरोबर जातात. कोर्टाची पायरी न चढता घर रिकामे करून घ्यावे ते असे!

सूसांच्या धोंड्यांची गंमत अजून राहिलीच. लहान दगड लाटांनी वारंवार उलटतात, त्यांवर उल्वेपलीकडे फारसे काही टिकत नाही. मोठे सहसा हलत नाहीत, त्यांवर एकाच तांबडीचे राज्य. सर्वाधिक जाती त्यांना सापडल्या मधल्या आकाराच्या, अधूनमधून उलटणाऱ्या दगडांवर.